पुजाचा पाचवा तारा

हिंगोलीकडच्या गोरेगावात जीप स्टँडसमोर संतरामचं हॉटेल आहे. तिथे चहा बरा मिळतो आणि पुजा राठोडबद्दलची माहिती न मागता मिळते. पुजा तांड्यावरची, दहावीत शिकणारी, कबड्डीत चढाई करणारी. इंटरनेटवर कबड्डीचं एक पान आहे, ते राज्यातल्या शाळकरी खेळाडूंना तारे देतं. पुजाला त्यांनी पाचपैकी चार दिले आणि त्या दिवसापासून हॉटेलात दुसरा विषय उरला नाही.

"चारच काहून? पाचवा कुठं गेला?" संतराम गिऱ्हाईक बदललं की हा प्रश्न पुन्हा विचारायचा.

"अकादमीत निवड झाली की पाचवा देतात, काका," सोमेश्वर म्हणाला. त्याचं मोबाईलचं दुकान, त्यामुळे इंटरनेटवर जे जे होतं त्याचा खुलासा त्यानेच करायचा.

"तसं न्हाई ते. तारे देणारा सांगली-कोल्हापूरकडचा आसंल. आपल्याकडं बघून त्याचा हात आखडून राहिला," शिवशंकर गुरुजी म्हणाले. गुरुजी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून शंभर पानी वहीत ते पुजाची प्रत्येक चढाई लिहितात. चढाया सहाशे बारा, पकडली गेली एकेचाळीस वेळा. त्यातल्या नऊ वेळा पंच आंधळा होता, असा शेरा समासात आहे.

पुजाला सर्वात आधी कोणी हेरलं, याचे गोरेगावात अकरा दावेदार आहेत. संतराम सांगतो, ती सहावीत असताना बिस्किटांचा पुडा घेऊन दोन कुत्र्यांना चुकवत पळाली, तेव्हाच त्याने ओळखलं. सोमेश्वरने तिचा पहिला व्हिडिओ टाकला. त्यात अर्धा वेळ त्याच्या दुकानाची पाटी दिसते. पुजाची आई जिवनबाई या अकरांत नाही. तिला कोणी विचारलं नाही, आणि ती हॉटेलात येत नाही.

फेब्रुवारीत पुण्याकडच्या एका निवासी अकादमीतून फोन आला. सपना मॅडम, स्वतः एके काळच्या राज्य संघातल्या, शनिवारी पुजाचा खेळ बघायला येणार होत्या. निवड झाली तर अकरावी तिकडे, राहणं-खाणं-खेळणं सगळं. नाही झाली तर पुजा मामाच्या गावी कॉलेजला जाणार होती, आणि तिथे मुलींचा संघच नव्हता. म्हणजे कबड्डी दहावीबरोबर संपली. हे तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, रडून नाही, बुटाची नाडी बांधता बांधता.

"मी तीनला येईन, पाचला निघेन. पुढे हिंगोलीला चाचणी आहे," मॅडमनी सोमेश्वरला फोनवर बजावलं. "आणि सत्कार वगैरे काही नको."

सोमेश्वरने फोन ठेवला आणि हॉटेलात जाहीर केलं, "मॅडम लई साध्या हायत. सत्कार नको म्हणाल्या."

"मोठी माणसं म्हणतेतच तसं," संतराम म्हणाला. "म्हणून आपण करायचा नसतो का? शाली किती आणायच्या ते बोल."

शनिवारी शाळेच्या मैदानावर मंडप उभा राहिला. दगड वेचलेली सपाट जागा एकच होती, ती म्हणजे कबड्डीचं मैदान. मग पांढऱ्या फक्कीने आखलेल्या मध्यरेषेच्या पलीकडे मंडप आणि पाहुण्यांच्या खुर्च्या, अलीकडे लोक. खुर्च्या सात. मधोमध मॅडम, त्यांच्या बाजूंना सरपंच, मुख्याध्यापक, संतराम, सोमेश्वर, गुरुजी, आणि पत्रिकेत नाव छापून गेल्यामुळे बसवलेले एक गृहस्थ.

"सत्कार झाला की लगेच सामना," सोमेश्वरने मॅडमच्या कानात सांगितलं. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

फेटे बांधण्यात वीस मिनिटं गेली, कारण बांधणारा एकच होता आणि डोकी सात. सरपंच बारा मिनिटं बोलले. मुख्याध्यापक सोळा, त्यातली चार शाळेच्या पत्र्यांवर. संतरामने कुत्र्यांची गोष्ट सांगितली. कुत्री आता तीन झाली होती. मॅडम घड्याळ बघायच्या, लोकांना वाटायचं त्या टाळ्या वाजवायला हात मोकळे करून राहिल्या. सोमेश्वरने व्हिडिओ किती जणांनी पाहिला ते सांगितलं. मग गुरुजी उठले, वही उघडली आणि चढाई क्रमांक एकपासून सुरुवात केली.

पुजा खेळाच्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसली होती, गळ्यात हार. विरुद्ध संघाच्या सेनगावच्या पोरी मंडपाच्या कडेला चक्क झोपल्या होत्या.

"याडी, पावणेपाच झाले," तिने आईला म्हटलं.

जिवनबाईने हार काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "तू खेळायला आलीस का ऐकायला?"

"मैदानात ते बसलेत ना."

"मग? किती हायत?"

पुजाने मोजलं. सात. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते जिवनबाईला ओळखीचं होतं. तिने रांगेतल्या बायांना मागे सरकवलं.

"चढाई क्रमांक अठ्ठावीस," गुरुजी सांगत होते, "या चढाईत पुजानं डावीकडून..."

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

पुजा मध्यरेषा ओलांडून डावीकडून आत शिरली. गुरुजींच्या कोपराला हात लागला, माईकमधून नुसता घुर्र आवाज आला. सरपंच उठू की बसू करेपर्यंत बाद. संतराम फेटा सावरत होता, बाद. मुख्याध्यापकांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. पत्रिकेतले गृहस्थ तिचा हात लागायच्या आधीच खुर्चीसकट मागे कलंडले. पुजाने सोमेश्वरला वळतावळता शिवलं आणि ती परत फिरली.

तेवढ्यात मॅडमनी नारळ सोमेश्वरच्या मांडीत टाकला, शाल मागे फेकली आणि खुर्चीतून थेट पुजाच्या घोट्यावर झेप घेतली. दोन्ही हातांनी, पक्की पकड. पुजा पालथी पडली. दम मात्र चालू होता, कबड्डी, कबड्डी. तिने कोपर रोवलं, कंबर वळवली, पाय झटकला, पुन्हा झटकला, आणि फक्कीवर बोटं टेकवली.

मॅडम धुळीत बसून हसत होत्या. फेटा मानेवर आला होता. त्यांनी आपली मनगटं चोळली.

"ही पकड सुटत नाही माझी," त्या म्हणाल्या. मग जिवनबाईकडे वळल्या. "आई, जूनमध्ये पाठवाल हिला? मी घेते."

"तुमी ठेवून घ्या, मी पाठवते," जिवनबाई म्हणाली आणि हाताशी होता तो हार पुन्हा पुजाच्या गळ्यात घातला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मॅडमची गाडी हिंगोलीला निघाली.

दुसऱ्या दिवशी पुजाच्या नावापुढे पाचवा तारा लागला. हॉटेलात त्याचं कोणाला काही नव्हतं. गुरुजी वहीत चढाई क्रमांक सहाशे तेरा लिहायला बसले होते आणि अडले होते. पाय खुर्चीवर घेतलेल्या मुख्याध्यापकांना तिने शिवलं का नाही? गुण पाच का सहा?

"ते ऱ्हाऊ द्या, गुरुजी," संतराम चहा ओतत म्हणाला. "मुद्द्याचं लिवा. खुर्च्या बराबर सात मांडायचं डोकं कुणाचं? माझं!"

"काका, यादी मी केली व्हती," सोमेश्वर म्हणाला.

दुपारपर्यंत दावेदार अकरा झाले.