चाचपणीबाईचे बारा सेकंद

हॉस्पिटलमधल्या पेशंटचे कपडे धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत सगळे त्याला मास्तर म्हणत. कमी फेऱ्यांत, कमी वेळात काम कसं उरकावं हे शिकवायला कंपनीनं त्याला नेमलं होतं. पहिल्या महिन्यात त्यानं भिंतीवर तक्ते लावले, त्यांवर बाण काढले, आणि त्या बाणांसमोर माणसं बसल्या बसल्या पेंगली. मग त्यानं गोष्ट लिहिली.

गोष्टीत अशीच एक लॉन्ड्री होती. तिथला ट्रॉलीवाला रिकाम्या हातानं दिवसभर येरझारा घालायचा. इस्त्रीवाला एकाच चादरीची तीनदा घडी करायचा. आणि दाराशी टेबल टाकून बसायची चाचपणीबाई. आल्या कपड्याच्या खिशाखिशात हात घालायची आणि गुणगुणायची:

खिशा रे खिशा, टाक बाबा सांगून,
कुणाचं काय गेलं तुझ्यात राहून?

"बाई खिशाशी गप्पा मारते आणि मशीन बिचारं ताटकळतं!" हे वाक्य आलं की लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची. चाचपणीबाई कोण, हे सांगायची गरजच नव्हती. बावीस वर्षं दाराशी बसणारी ती त्याची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. ताईनंच त्याला वाढवलं. शाळेला निघताना ती त्याचेही खिसे अस्सेच चाचपायची. गोट्या काढून घ्यायची, रुमाल ठेवायची.

घड्याळ लावून त्यानं तिला मोजलं होतं. कपड्यामागे बारा सेकंद. गोष्ट ऐकून मॅनेजरसाहेब इतके खूश झाले की पुढच्या सोमवारी त्यांनी टेबलच उचलायला लावलं. ताईला मागे, चादरींच्या घड्यांवर बसवलं. रोज दोनशे कपडे जास्त निघायला लागले. मास्तरची पाठ थोपटली गेली.

तिसऱ्या आठवड्यात मशीनच्या तळाशी एका आजोबांचं कानाचं मशीन सापडलं. सापडलं म्हणजे त्याचे तुकडे. नवं यायला सहा दिवस लागणार होते.

"मुलगी रोज येऊन उशाशी बोलत बसते," ट्रॉलीवाल्यानं वॉर्डातून आल्यावर सांगितलं, "आणि आजोबा आपले नुसते हसतात. ऐकू आल्यासारखं." एरवी प्रत्येक गोष्टीवर दात काढणारा तो माणूस, पण हे सांगताना हसला नाही.

ताईच्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा असायचा. चष्मे, कवळ्या, घडी घातलेल्या चिठ्ठ्या, खिशांतून निघेल ते ती त्यात ठेवायची आणि दुपारी वॉर्डात परत धाडायची. मास्तरनं तिचा हात खिशात किती वेळ राहतो ते मोजलं. हातात काय येतं ते कधी पाहिलं नाही. डबा एकदाही उघडला नाही.

घरी ताईनं त्याला वाढलं. "अजून घे," म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी नव्या लोकांना गोष्ट वाचून दाखवायची होती. ताई मागे घड्या घालत होती, मॅनेजरसाहेब दारात उभे होते. वाचता वाचता गोष्टीत चाचपणीबाई आली, आणि मास्तर थांबला. त्यानं कागद खाली ठेवला.

"इथून पुढं गोष्ट चुकलीय," तो म्हणाला. "ती बाई मशीनला थांबवत नव्हती. बारा सेकंदांत ती कुणाचे डोळे, कुणाचे दात, कुणाचे कान वाचवत होती. मी तिला कधी विचारलंच नाही. टेबल गेलं ते माझ्यामुळे."

मागून ताईचा आवाज आला, "बारा नाही, दहा."

"काय?"

"दहाच लागायचे. तू घड्याळ घेऊन समोर उभा होतास ना, दर वेळी तुझ्याकडे बघून हसायचे मी. त्याचे दोन."

त्याला मान वर करवेना.

"आणि साहेब," ताई हातातली घडी पुरी करत म्हणाली, "टेबल नका आणू परत. कपडा पिशवीत टाकायच्या आधी, पेशंटसमोरच खिसे बघायला सांगा वॉर्डात. वस्तू तिथल्या तिथं राहील, इथवर येईलच कशाला? किती वर्षं हेच मनात होतं."

"मग बोलला का नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"विचारलं कुणी?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं. सोमवारपासून वॉर्डात जाऊन शिकवायचं काम ताईकडे आलं.

सुट्टी झाल्यावर मास्तरनं चाचपणीबाईची पानं फाडली. फाडता फाडता बाहेरून ट्रॉलीवाल्याची हाक ऐकू आली, अगदी मायेची, सवयीची: "चला हो चाचपणीबाई, तुम्हाला वॉर्ड दाखवतो!"

"आले रे," ताई म्हणाली. त्यानं गोष्टीत दिलेल्या त्याच नावाला ओ देऊन ती गेली.

फाटलेली पानं हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.