खलाशांचा छत्रीनाच

पासष्ट साल. पुढच्या बोटीनं रत्नागिरीला निघून जायचं, हे माझं पक्कं ठरलं होतं. चार महिने झाले मला कुवेतला येऊन, आणि आमचे हे माझा एक शब्द ऐकतील तर शपथ! मी म्हणायची मीठ संपलंय, हे म्हणायचे, ‘हो, छान झालंय.’ भिंतीशी संसार कोण करणार?

जाण्याआधी काहीतरी दाखवावं म्हणून यांनी मला मीना अल-अहमदीच्या बंदरावर नेलं. यांचं काम तिथल्याच टगच्या, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या, इंजिनावर. ब्राझीलची तेलबोट आली होती आणि तिच्यावरच्या खलाशांचा सण होता. भर रस्त्यात, नुसत्या बनियनवर, इवल्याशा रंगीत छत्र्या घेऊन नाचत होते मेले! उकिडवे बसायचे की टुणकन हवेत, छत्री या हातातून त्या हातात. ढोल असा की पायाखालची जमीन हलत होती. मी रागातच गेले होते, पण हसू काही आवरेना. बघते तर हेसुद्धा टाळ्या वाजवत होते. किती दिवसांनी यांचा चेहरा असा खुललेला पाहिला.

तेवढ्यात असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग सुरू झाली. ढोल थांबला. आमची माणसं गप्प झाली, मी पदर डोक्यावर घेतला. एकच खलाशी पाठमोरा नाचत राहिला, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. आणि त्याच्या पायांकडे बघत आमचे हे टाळ्या वाजवतच राहिले!

‘अकबरभाय, बांग चाललीय!’ यांच्याच टगवरचा उस्मान ओरडला. लोक रागानं बघू लागले. एकही नमाज न चुकवणारा हा माणूस, पण यांनी मानसुद्धा वळवली नाही.

मी यांचे दोन्ही हात घट्ट धरले. यांनी माझ्या डोक्यावरचा पदर पाहिला, गप्प उभी माणसं पाहिली, आणि शरमेनं मान खाली घातली.

परतताना वाटेत थांबवून मी यांच्या कानाशी जोरात विचारलं, ‘कधीपासून?’

‘वर्ष झालं. इंजिनानं कान नेले. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील. तुला सांगून कशाला रडवायचं?’

‘आणि मी रोज भांडत होते ते?’

‘ते येतं ऐकू,’ हे म्हणाले. ‘तू चिडून ओरडलीस की तेवढाच तुझा आवाज येतो. म्हणून मुद्दाम चिडवायचो.’

या अल्ला, काय करू या माणसाचं! लाजलज्जा सोडून, रडत रडत मी भर रस्त्यात ओरडले, ‘कुठं जात नाही मी! ऐकू आलं का?’

‘आलं,’ हे म्हणाले. ‘पुन्हा सांग.’