डोंगराआडचा तलाव

कॅप्टन म्हणजे खरं तर चष्म्याचे दुकानदार. खऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. पण मागच्या खोलीत कॉम्प्युटरला पेडलं आणि दांडा जोडून ते रोज विमान उडवत, म्हणून बायकोनंच हे नाव ठेवलेलं. "खुर्चीतून उठले नाहीत आणि म्हणे समुद्र ओलांडून आले," असं ती येईल त्याला सांगे.

लेक मात्र खरंच वैमानिक होत होती. आज तिचं एकटीचं पहिलं लांबचं उड्डाण. मार्ग अर्थातच कॅप्टननी अॅपमध्ये आखून दिलेला. दोघांचं खातं एकच, त्यामुळे इथे आखलेलं तिच्या टॅबवर आपोआप दिसे.

"निघाले" असा तिचा मेसेज आला आणि कॅप्टननी तोच मार्ग स्क्रीनवर लावला. लेकीसोबत आपणही उडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण चैन पडेना, म्हणून वेग दुप्पट केला. वीस मिनिटांत ढग आले, ढगातून एकदम डोंगर आला आणि विमान आपटलं.

कॅप्टनना एकदम आठवलं. डोंगराआडचा तलाव जवळून बघायचा म्हणून परवा त्यांनी याच मार्गाची उंची दोन हजार फुटांवर आणली होती. डोंगर साडेतीन हजारांचा. अॅपनं दिलेली लाल सूचना त्यांनीच बंद केली होती, आणि उंची परत वाढवायची राहून गेली होती. लेक वीस मिनिटांत तिथे पोचणार होती.

त्यांनी लेकीच्या फ्लाइंग क्लबला फोन लावला. "तिचे सर दुसऱ्या विमानात आहेत काका, आले की निरोप देतो," कारकून म्हणाला.

"अहो, तिला डोळे आहेत," बायको म्हणाली.

"ढगात डोळ्यांचं काय करायचं?" ते खेकसले. कॅप्टन खिडकीपाशी जात, परत येत, घड्याळ बघत. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. तिला काही झालं तर ते आपल्याच हातून, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

फोन वाजला.

"बाबा, पोचले! आणि साडेतीन हजारांचा डोंगर दोन हजारांवरून? काल टॅबवर बघून हसून हसून पुरेवाट झाली माझी."

कॅप्टननी लगेच विचारलं, "मग उंची बदललीस ना?"

"बदलायची कशाला? मी माझा मार्ग नकाशावर पेन्सिलनं आखते. पहिल्यापासून."

आजवर त्यांनी तिला तीसेक मार्ग आखून दिले होते. दर वेळी विचारलं होतं, उपयोग झाला का? दर वेळी ती म्हणाली होती, हो बाबा, मस्त होता. लेक सुखरूप होती, त्याहून त्यांना काहीच नको होतं.

"परतीचा आखू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आखा ना बाबा. मस्तच असतो तुमचा."

कॅप्टननी डोळे पुसले, अॅप उघडलं आणि सगळ्यात आधी उंची पाच हजार केली.