उमेदवाराच्या प्लेटलेट्स

निशिकांतला डेंगी झाला तेव्हा सुचित्राला आधी वाटलं, चला, सुटलो. हे बायकोला शोभणारं नव्हतं. पण त्याआधी महिनाभर सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जे चाललं होतं, तेही कुणाला शोभणारं नव्हतं.

निशिकांत मराठी स्नेहवर्तुळाच्या अध्यक्षपदाला उभा होता. अध्यक्षाला अधिकार म्हणाल तर गणपतीत पहिल्या रांगेत बसायचं आणि दिवाळीचा फराळ कुणाकडून मागवायचा ते ठरवायचं. एवढ्यासाठी हा माणूस, ज्याला ऑफिसात साहेबापुढे घसा साफ करायलाही भीती वाटायची, तो सकाळी बाथरूममध्ये भाषणं करू लागला होता. आतून "बंधुभगिनींनो" ऐकू यायचं आणि मग फ्लशचा आवाज.

"पापा सो ड्रामा लाह," सोळा वर्षांच्या लेकीनं, इरानं, इथल्या सिंगापुरी इंग्रजीत निकाल देऊन टाकला होता.

त्याला हॉस्पिटलात दाखल करून घेत डॉक्टरांनी सांगितलं, प्लेटलेट्स घसरल्यात, सक्त विश्रांती, डोक्याला ताप नको. सुचित्रानं मनाशी पक्कं केलं: अर्ज मागे घ्यायचा, माणूस घरी आणायचा आणि पंधरा दिवस झोपवायचा. तिला बाकी काही नको होतं. तिनं उन्मेषला फोन लावला. उन्मेष इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होता, आणि त्याला कुठल्याच बाजूचं मत नसल्यामुळे सगळ्यांनी मिळून त्याला निवडणूक अधिकारी केलं होतं.

"वहिनी, आता अर्ज मागे घेतला तर शैलेंद्रदादा बिनविरोध," तो म्हणाला. "आणि निवडून आल्यावर झेपत नाही असं ठरलं, तर उपाध्यक्ष वर चढतात. तिथल्या तिथे. आणि पाण्याची टाकी दर सहा महिन्यांनी धुवायची."

"कुठली टाकी?"

"आपल्याला टाकी नाहीये. पण आपली घटना कोथरूडच्या एका हाउसिंग सोसायटीच्या नियमांवरून उतरवलीय. 'सोसायटी' खोडून 'वर्तुळ' केलं, बाकीचं राहिलं."

हे नियम सुचित्रापेक्षा इतरांना जास्त चांगले पाठ होते, हे तिला संध्याकाळी वॉर्डात कळलं.

पहिला आला मुकुल, निशिकांतच्याच पॅनेलचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, गेली बारा वर्षं त्याचा जिवलग मित्र. त्यानं कसं वाटतंय असं विचारलं नाही. "आकडा काय?" असं विचारलं.

"तीस हजार," सुचित्रा म्हणाली.

"अरेरे," मुकुल म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "वहिनी, काळजी करू नका. मी आहे. मी आहेच."

दुसऱ्या दिवशी आकडा पंचेचाळीसवर गेला. मुकुलनं ते ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला, लग्न मोडल्याचा निरोप आल्यासारखा. "मशीन चुकत असेल," तो म्हणाला. "पुन्हा करायला सांगा. इतकी घाई बरी नव्हे."

त्याच्यानंतर आला शैलेंद्र, म्हणजे विरोधक. सकाळीच बमबोटीनं, म्हणजे लहानशा लाकडी लाँचनं, पुलाउ उबीन बेटावर जाऊन, कुणा म्हाताऱ्याच्या परसातून पपईची पानं तोडून, त्यांचा रस काढून तो बाटलीत घेऊन आला होता. सोबत फोटो काढायला बायको. निशिकांतच्या ओठाला बाटली लावून त्यानं कॅमेऱ्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं की आजारी कोण आहे असा प्रश्न पडावा.

"सर, नो आउटसाइड जूस," नर्स ओरडली.

"फक्त फोटोपुरता," शैलेंद्र म्हणाला आणि सुचित्राला बाजूला घेऊन हळूच पुटपुटला, "वहिनी, माणूस महत्त्वाचा. रविवारच्या मतदानाआधी नाव मागे घ्या ना. मी अगदी वडीलकीच्या नात्यानं सांगतोय." तो निशिकांतपेक्षा चार वर्षांनी लहान होता.

सुचित्रानं हिशोब मांडला. एकाला तिचा नवरा रविवारपर्यंत कोसळायला हवा होता, दुसऱ्याला रविवारनंतर. तो बरा व्हावा अशी इच्छा असलेली तिच्याशिवायची एकमेव व्यक्ती, ती नर्स, फिलिपिन्सची होती आणि तिची ड्यूटी सातला संपत होती.

वर्तुळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर बाजार भरला होता. हात जोडल्याच्या चिन्हांखाली लोक अंदाज बांधत होते. कुणी लिहिलं, सहानुभूतीची लाट आहे. त्यावर शैलेंद्रच्या गोटातून उत्तर आलं की शैलेंद्रदादांची कंबरही गेले काही महिने दुखते आहे, त्यांनी कधी सांगितलं नाही एवढंच.

सगळे गेल्यावर सुचित्रा खुर्ची ओढून नवऱ्याजवळ बसली.

"निशी, ऐक. मुकुलला तू मेलेला चालेल. फक्त मतमोजणीनंतर."

निशिकांत डोळे मिटून हसला. "माहितीये गं."

"माहितीये?"

"राजकारण आहे ते. तू असं कर सुची, उद्या आकडा वाढला तरी ग्रुपवर अठ्ठावीस टाक."

"काय?"

"अठ्ठावीस हजार. पंचवीस नको, लोकांना वाटेल हा जातो, आणि मत फुकट जाईल. अठ्ठावीस बरोबर आहे."

सलाइन लावलेल्या त्या हातावर थोड्या वेळापूर्वी ती हात ठेवून बसली होती. तिनं तो काढून घेतला आणि बेसिनवर जाऊन साबणानं धुतला.

आकडा तिनं टाकला नाही. निशिकांतनं स्वतःच टाकला, एका बोटानं, आणि खाली लिहिलं: 'आपले आशीर्वाद असू द्या.'

रविवारी सकाळी डॉक्टर म्हणाले की हा ठणठणीत आहे, घरी जा, झोपा. सुचित्रा पिशवी भरते आहे तोवर मुकुल व्हीलचेअर घेऊन हजर. ती त्यानं कुठून आणली कोण जाणे.

"ह्याला चालता येतंय, भाऊजी," सुचित्रा म्हणाली.

"येत असेल हो. पण दिसायला नको."

याबाबतीत दोघा मित्रांचं एकमत होतं. निशिकांत खुर्चीत बसला, मान थोडी कलती केली, मांडीवर शाल घेतली. सिंगापूरच्या त्या उकाड्यात शाल. "एवढं होऊ दे," तो बायकोला म्हणाला, "मग झोपतो. शप्पथ."

मतदान होतं त्या आंग मो किओच्या हॉलमध्ये खुर्ची शिरली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ज्यांना पदर नव्हते त्यांनी टिश्यू लावले. शैलेंद्र कमरेला पट्टा बांधून आला होता, पण पट्टा शर्टाच्या आत होता आणि तिथेच तो हरला. निशिकांत दणक्यात निवडून आला, आणि त्याच्यामागोमाग उपाध्यक्ष म्हणून मुकुलही. टाळ्या थांबताहेत न थांबताहेत तोच मुकुल माइकजवळ उभा होता.

"मित्रांनो, आनंदाचा क्षण आहे. पण आपल्या अध्यक्षांची अवस्था आपण बघतोय. ह्या माणसावर ओझं टाकणं पाप आहे, पाप! घटनेप्रमाणे ती जबाबदारी मी, जड अंतःकरणानं..."

निशिकांतची कलती मान ताठ झाली, मग आठवण होऊन पुन्हा कलली. उठून उभं राहावं, तर सगळं सोंग उघडं पडणार. बसून राहावं, तर अध्यक्षपद जाणार. त्यानं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

उन्मेष घटना चाळत होता. "सभासद असमर्थ आहे का, याबाबत घरातल्या सज्ञान व्यक्तीचं म्हणणं ग्राह्य," त्यानं वाचलं. "हे गच्चीच्या गळतीबद्दलचं कलम आहे, पण दुसरं नाहीये. वहिनी, तुम्ही सांगा."

सगळा हॉल सुचित्राकडे वळला. निशिकांतनं मान कलतीच ठेवून डोळ्यांनी बायकोला खुणा केल्या. बरा आहे म्हण, हळूहळू बरा होतोय म्हण, काहीतरी म्हण. मुकुलनं माइक पुढे केला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर दुःख.

खरं बोललं तर हा अध्यक्ष. वर्षभर बाथरूममध्ये भाषणं. खोटं बोललं तर हा आज दुपारी घरी, स्वतःच्या अंथरुणात. आपण ह्या लोकांत इतक्या लवकर मुरू असं सुचित्राला वाटलं नव्हतं.

"नाही झेपणार," ती म्हणाली. "त्यांना उभंसुद्धा राहवत नाही हो."

मुकुलनं माइकवरच हुंदका दिला. त्याला हार आधीच तयार होता.

बाहेर टॅक्सीपाशी सुचित्रानं खुर्ची थांबवली. काचेच्या दारामागे वर्तुळाचे सभासद बटाटेवड्याच्या प्लेटा घेऊन, माजी अध्यक्षांना निरोप द्यायला दाटीवाटीनं उभे होते.

"सुची, तू माझा गळा कापलास," निशिकांत ओठ न हलवता म्हणाला.

"घरी चल."

टॅक्सीवाला सत्तरीचा चिनी म्हातारा होता. तो खाली उतरला, खुर्ची बघून चुकचुकला आणि निशिकांतला उचलायला वाकला. त्याच्या गुडघ्यातून कटकन आवाज आला. निशिकांतनं, पंचेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसानं, लहान मूल कडेवर यायला करतं तसे दोन्ही हात वर केले.

"ऊठ," सुचित्रा म्हणाली.

हा आवाज निशिकांतनं वीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. तो ताडकन उभा राहिला. शाल रस्त्यावर पडली.

काचेमागे वडे हवेतच थांबले. सुचित्राला बरं वाटलं. फार नाही, पण उलटी झाल्यावर वाटतं तेवढं. आता ह्यांना कळेल, तिला वाटलं.

मग आत कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. बघता बघता सगळे टाळ्या पिटू लागले, एक बाई रडायला लागली, मुकुलच्या गळ्यातला हार कुणीतरी उतरवू लागलं आणि मुकुल तो दोन्ही हातांनी धरून बसला. "चमत्कार!" असा आवाज काचेतूनही स्पष्ट ऐकू आला.

निशिकांतनं वळून, हसून, हात जोडले. तो दाराच्या दिशेनं एक पाऊल टाकणार, तेवढ्यात सुचित्रानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून, पोलीस चोराला गाडीत कोंबतात तसा त्याला टॅक्सीत कोंबला, स्वतः शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं.

"पासिर रिस, अंकल," ती म्हणाली. "फास्ट."