भुईबाबाच्या तीर्थाचा फेस

वलगावात नत्थुजींच्या परसात, वाळून गेलेल्या पाच नारळरोपांभोवती निम्मं गाव लोटलं होतं. भुईबाबानं तिथल्याच मूठभर काळ्या मातीवर कमंडलूतलं तीर्थ ओतलं आणि काय सांगू, माती चक्क फसफसली! बायांनी हात जोडले. मग बाबानं झोळीतली कोकणातली तांबडी माती काढून तिच्यावर तेच तीर्थ ओतलं. ती ढिम्म राहिली.

"पाहा! पवित्र भुई शांत राह्यते, इथली रागानं फेसाळते. पाचही नारळ काहून जळाले? लावणारीचा पायगुण! तिले कायमची माहेरी धाडा, नाईतं घरही असंच जळन."

लावणारी म्हणजे नत्थुजींची नवी सून पौर्णिमा, शेतकीची पदविका घेतलेली. 'या मातीत नारळ टिकत नाई' असं ती घसा फोडून सांगत होती. पण नव्या सुनेचा हात शुभ म्हणून सासऱ्यांनी हौसेनं रोपं तिच्याच हातून लावून घेतली. आता तोच हात अशुभ! नवरा नितेश मान खाली घालून उभा. पौर्णिमाचं डोकंच सणकलं.

तिनं पूजेच्या ताटातलं लिंबू उचलून कापलं. बाबाला गावात आणणारे शेजारी भगवंतराव पुढेच बसले होते.

"काका, तुमच्या वावरातली माती आणा."

त्यांनी ऐटीत कुंपणापलीकडून ढेकूळ आणलं. पौर्णिमानं लिंबू पिळलं. फेस आला.

"तिचा हात लागला ना!" बाबा ओरडला.

"मंग आई, तुमी पिळा."

सासू वच्छलाबाईंनी उरलेली फोड पिळली. माती आणखीच फसफसली.

"बोला काका, आता तुमच्या घरातलं कोण माहेरी जाते?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाबा झोळी आवरू लागला.

"आपल्या काळ्या मातीत चुनखडी हाये. आंबट पडलं का फसफसते. बाबाचं तीर्थही आंबटच असन. तांबडीत चुना नाई, म्हणून ते गप. अन् आपली चिकण माती पाणी धरून बसते. नारळाच्या मुळाले निचरा लागते, हवा लागते. मुळं सडली, म्हणून रोपं गेली."

"जाऊ दे पोरी, झालं ते झालं," नत्थुजी पुटपुटले.

"कशी जाऊ देऊ, मामाजी? माह्या घरातून मलेच काढून राहिले होते तुमी!" मग ती गर्दीकडे वळली. "उद्या दुसरा कोणी बुवा येईन. त्याच्या पाया पडाच्या आंधी माती तपासाले पाठवा. अन् लेकीसुनेले घराबाहेर काढाच्या आंधी निदान एक लिंबू तरी पिळून पाहा!"