स्वल्पविरामासकट

"तेरा, चौदा, पंधरा."

दारापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पंधरा पावलं. बाईंनी ओट्याच्या कडेवरून हात फिरवला, मनाशी काहीतरी नोंदवलं आणि त्या पुन्हा बाहेरच्या खोलीत आल्या. तिथे एजंट खिडकीपाशी उभा राहून या घरात वारा कसा खेळतो याचं रसभरीत वर्णन करत होता. आपलं कोणी ऐकत नाही हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

"मॅडम, गाडीत टेप आहे, आणू का? पावलांनी मोजून काय समजणार?"

"मला समजतं," असं म्हणत बाई गॅलरीकडे वळल्या. गॅलरीत उतरायला एक पायरी होती. बाईंच्या लेखी ती नव्हती. पाऊल हवेत पडलं, गुडघा आपटला, आणि चौकट हाताला लागली म्हणून तोंडावर पडणं तेवढं वाचलं.

एजंट चांगला जाडजूड होता, पण धावत आला. रिकाम्या घरात खुर्ची कुठली? त्याने बाईंना खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं आणि स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी हात पुढे केला तो बाटलीच्या वीतभर डावीकडे, आणि मूठ मिटली ती हवेवर.

गेले दीड महिने बंद न झालेलं एजंटाचं तोंड बंद झालं. बाटली त्याने त्यांच्या हातात नीट ठेवली.

"किती दिसतं तुम्हाला?" त्याने हळूच विचारलं.

"नवा चष्मा आहे. सवय व्हायचीय."

"माझ्या आईचाही नवाच होता," एजंट म्हणाला. "सहा वर्षं नवाच होता."

बाईंना रागच यायचा, पण हसू आलं. आणि हसू आल्यावर लपवण्यात अर्थ उरला नाही.

बाईंनी बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. ओळीत सुटलेलं अक्षर घालण्यासाठी जी छोटी टोकदार खूण करतात, तिला काकपद म्हणतात. त्या खुणा बाईंइतक्या कोणी केल्या नसतील, म्हणून छापखान्यात त्यांना 'काकपदबाई' असं नाव पडलं होतं. त्यांच्या नजरेखालून गेलेल्या पानात चूक निघाली तर मशीनवाला सांत्वन म्हणून त्यांना चहा पाजायचा. बत्तीस वर्षांत ही वेळ चारदा आली. ते चारही चहा बाईंना घशाखाली उतरले नव्हते.

आणि नेमका त्यांच्याच डोळ्यांमागचा पडदा सुकू लागला. आधी दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या, मग घेर आवळत आला. आता नळकांड्यातून पाहावं तसं मधलंच काय ते दिसायचं. पानावर एका वेळी दोन अक्षरं. एक परिच्छेद वाचायला अर्धा तास, आणि पुढचा अर्धा तास डोकं धरून बसणं. डॉक्टर स्पष्टच बोलले होते: वर्ष, फार तर दीड वर्ष.

धाकटी बहीण म्हणत होती, "ताई, माझ्याकडे ये. खोली रिकामी आहे." तिचं मन मोठं होतं, पण बाईंना दुसऱ्याच्या घरात चमचा कुठे आहे हे जन्मभर विचारत राहायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली तर सोडावीच लागणार होती. म्हणून साठवलेलं सगळं एकत्र करून त्यांनी ठरवलं होतं की उजेड आहे तोवर स्वतःचं घर घ्यायचं आणि ते पाठ करून ठेवायचं.

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं नाही?" एजंट जवळजवळ ओरडलाच. "मी तुम्हाला नजारे दाखवत फिरतोय! तो पाचव्या मजल्यावरचा सूर्यास्त!"

"सांगितलं असतं तर? जिला दिसत नाही अशा बाईच्या गळ्यात काहीही मारता येतं."

एजंट विचारात पडला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "येतं. दिसणाऱ्यांच्याही मारलीत की मी. पण असं ऐकल्यावर नाही हो जमायचं."

त्यानंतर आठ दिवस त्याचा फोन नाही. बाईंना वाटलं, सुटला बिचारा. नवव्या दिवशी तो दारात हजर. तीन मजले चढून धापा टाकत होता.

"चला. घर मिळालंय. तळमजला आहे. आणि आधी हे बघा." त्याने कपाळ पुढे केलं. बाईंना त्या कपाळावर नेम धरायलाच क्षणभर गेला, मग लिंबाएवढं टेंगूळ दिसलं.

"हे काय?"

"काल दुपारी मालक बाहेर होते तेव्हा किल्ली घेऊन एकटाच गेलो आणि डोळे मिटून घरभर फिरलो. उंबरे नाहीत, पायरी नाही. दिव्यांची बटणं सगळीकडे एकाच उंचीवर आहेत. फक्त न्हाणीघराचं दार बाहेर उघडतं, हा त्याचाच प्रसाद. ते तेवढं आत उघडणारं करून घ्यायचं."

बाई त्या घरात दीड तास होत्या. एजंट एक शब्दही न बोलता भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या धंद्यात हा विक्रमच असावा. बाईंनी पावलं मोजली, कोपरे चाचपले, नळ सोडून आवाज ऐकला. स्वयंपाकघरात त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या तेव्हा सकाळचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं. ऊब आधी गालांना कळली, मग पापण्यांना.

"घेते," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात बाईंच्या खोलीत मध्येच एखादी दुपार अशी यायची की त्या बसल्या जागी नव्या घरातून फेरी मारून यायच्या. दारातून आत, डावीकडे कपाट, चार पावलांवर पलंग. अजून सही व्हायची होती, पण चालणं सुरू झालं होतं.

सहीचा दिवस ठरला. घराचा मालक बँकेतून निवृत्त झालेला, चटपटीत, घड्याळाकडे पाहत बोलणारा माणूस होता. दोन दिवसांनी तो कायमचा मुलाकडे राहायला जाणार होता. त्याच घरात, बांधाबांधीच्या खोक्यांच्या गर्दीत, टेबलावर एकतीस पानांचा करारनामा ठेवला होता.

"करा सही," मालक म्हणाला. "वकिलांनी तयार केलाय. काळजीचं कारण नाही."

"मी पण डोळ्यांत तेल घालून वाचलाय, ताई," एजंट म्हणाला आणि त्याने जीभ चावली. मॅडमची ताई कधी झाली हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी पहिलं पान समोर धरलं. दोन अक्षरं दिसली. मग पुढची दोन. एकतीस पानं! बत्तीस वर्षांत दुसऱ्याच्या वाचण्यावर त्यांनी एक ओळसुद्धा छापायला सोडली नव्हती, आणि आज सगळ्या आयुष्याची कमाई एका न दिसणाऱ्या कागदावर ठेवायची होती.

"वाचलात ना?" त्या एजंटाला म्हणाल्या. "मग परत वाचा. मोठ्याने. आमच्याकडे छापखान्यात वाचायचे तसं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकून पडताळायचं. स्वल्पविरामासकट."

"स्वल्पविरामासकट?"

"जिथे आहे तिथे 'स्वल्पविराम' म्हणायचं. जिथे वाक्य संपतं तिथे 'पूर्णविराम'. आकडे आकड्यांत आणि अक्षरांत, दोन्ही. त्याने माणूस घाईने पुढे सरकत नाही."

"अहो, मला बाराला निघायचंय," मालक म्हणाला.

"बाराच्या आत संपेल," एजंट म्हणाला आणि त्याने घसा खाकरला. "सदर करारनामा स्वल्पविराम, जो आज रोजी स्वल्पविराम..."

सुरुवातीला त्याचा घोडा अडखळत होता. चार-पाच पानांनंतर लय सापडली. बाई डोळे मिटून मांडीवर बोट टेकवून बसल्या होत्या. मधूनच म्हणत, "परत," आणि तो परत वाचत असे. मालक उठून खोके बांधू लागला. एकोणिसावं पान आलं.

"मिळकतीचं वर्णन पूर्णविराम. सदनिका क्रमांक दोन स्वल्पविराम, तळमजला स्वल्पविराम, पूर्वेस सामायिक जिना स्वल्पविराम, पश्चिमेस मोकळी जागा..."

"थांबा. परत."

"पूर्वेस सामायिक जिना..."

"पूर्वेला जिना नाही," बाई म्हणाल्या. "पूर्वेला माझं स्वयंपाकघर आहे. सकाळी ऊन तिथे येतं. मी उभी होते त्या उन्हात. जिना दाराबाहेर आहे, पश्चिमेला."

एजंट कागदाकडे पाहत राहिला. मग उठला, दार उघडून बाहेर गेला, जिन्यापाशी उभा राहून हात पसरून दिशा लावू लागला. आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"हे समोरच्या घराचं वर्णन आहे. नंबर तुमचा आणि घर समोरचं."

मालक कागदावर झुकला. "टाइप करणाऱ्याने शेजाऱ्यांच्या कागदांवरून उतरवलं असेल. एकच वकील आहे. किरकोळ चूक आहे हो. आता सही करा, दुरुस्ती मागाहून होईल."

"मागाहून तुम्ही कुठे असाल?" बाईंनी विचारलं.

मालकाने घड्याळाकडे पाहिलं. "हे बघा, दुसरी एक पार्टी तयार आहे. जास्त द्यायला तयार आहे. आज जमत नसेल तर मला मोकळं करा."

बाईंना मधल्या त्या लहानशा गोलात फक्त एजंटाचे हात दिसत होते. सहीसाठी उघडून ठेवलेलं पेन त्या हातांत होतं. व्यवहार फिसकटला तर त्याची तीन महिन्यांची वणवण पाण्यात जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपण चुकीचं घर घेतो आहोत का, की चुकीच्या माणसावर विसंबलो आहोत, हेही येत्या क्षणात कळणार होतं.

हातांनी पेनाला टोपण लावलं.

"ठीक आहे," एजंट म्हणाला. "त्या पार्टीला बोलवा. त्यांनाही मी हे पान असंच वाचून दाखवीन."

मालकाने ते पान स्वतःकडे ओढलं.

मग एजंट बाईंकडे वळला, आणि त्या परक्या माणसासमोर, आवाज न चोरता म्हणाला, "ताई, चूक माझी आहे. मी हे वाचलं नव्हतं. चाळलं होतं."

एवढी सरळ कबुली त्यांनी कुठल्याही लेखकाकडून कधी ऐकली नव्हती.

मालक माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. बायकोने आतून येऊन त्याला दोन शब्द सुनावले, वकिलाला फोन गेला, जाण्याचं तिकीट चार दिवस पुढे गेलं. दुरुस्त झालेली एकतीसच्या एकतीस पानं एजंटाने पुन्हा पहिल्यापासून वाचली. आता त्याला स्वल्पविरामांची इतकी गोडी लागली होती की घरी बायकोशी बोलतानाही तो शब्द तोंडातून निसटतो, असं त्यानेच सांगितलं.

सहीच्या वेळी त्याने रेघेखाली एक पट्टी आडवी धरली. बाईंनी पट्टीच्या कडेला बोट टेकवलं आणि सही केली. ती सरळ आली. त्यांना पाहायची गरज वाटली नाही.

बाहेर पडल्यावर फाटकापाशी त्या थांबल्या.

"पुस्तकांच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो ना," त्या म्हणाल्या, "अमक्याचे आभार, तमक्याचे आभार. असे शेकड्यांनी आभार मी तपासलेत. दुसऱ्यांचे. काना-मात्रा बघायची, पुढे जायचं. स्वतःचे कोणाचे मानायची वेळच आली नाही. त्यामुळे कसे मानतात ते मला येत नाही."

"राहू द्या हो ताई. माझा धंदाच आहे."

"टेंगूळ धंद्यात येत नाही," बाई म्हणाल्या.

घर झालं. न्हाणीघराचं दार आत उघडू लागलं. वर्षभर बाई रोज डोळे उघडे ठेवून आणि मग डोळे मिटून घरात वावरल्या, आणि हळूहळू दोन्हींतला फरक संपत गेला. तो कुठल्या दिवशी संपला ते त्यांनी लक्षात ठेवलं नाही. धाकटी बहीण राहायला आली तेव्हा तीच चमच्यांचा खण विचारत होती.

एजंट येत राहिला. आधी चौकशीला म्हणून, मग कागद घेऊन. कोणाचाही करारनामा असो, सही व्हायच्या आधी तो बाईंच्या समोर बसून मोठ्याने वाचायचा. बाई ऐकायच्या, "परत," म्हणायच्या. सात महिन्यांत त्यांनी नऊ चुका पकडल्या. इतर एजंट त्याला हसत, आणि अडलेले कागद मात्र गुपचूप त्याच्याकडे पाठवत. बाई अशा दिवशी नीट कपडे करून बसायच्या, कामावर जाताना बसत तशा.

एकदा दिवस मावळताना तो आला. कुठल्याशा नवरा-बायकोच्या पहिल्या घराचे कागद होते. बाईंनी चहा केला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि त्या आपल्या खुर्चीत सावरून बसल्या.

"करा सुरू."

"आज नको, ताई. उद्या सकाळी येतो. आज नुसत्या गप्पा मारू."

मग त्याने मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, एका घरमालकाच्या चिक्कूपणाची नक्कल करून दाखवली. बाई पोट धरून हसल्या. चहा संपला. बशीत कप ठेवताना त्याचा नेम चुकला, थोडा खणखणाट झाला. "सांडलं नाही," तो म्हणाला. गप्पा पुढे सुरू झाल्या.

तासाभराने समोरची शेजारीण चाळणी परत द्यायला आली. दार उघडंच होतं.

"अगं बाई! काळोखात काय बसलाय दोघं? दिवे गेलेत का?"

बाईंचा हात खुर्चीच्या हातावर थबकला. आज संध्याकाळी दिवा लावायचं राहूनच गेलं होतं. आल्यापासून तो अंधारात बसला होता.

"गेले नाहीत," एजंट अंधारातून म्हणाला. "आमचं बोलणं चाललं होतं."

बाई उठल्या. खुर्चीपासून बटणापर्यंत सहा पावलं होती. त्या चालत गेल्या आणि पाहुण्यासाठी त्यांनी दिवा लावला.