चिमाबाईची चूल

कोंडीरामनं मोरीपाशी भरून ठेवलेली बादली उचलली, दोन ढांगांत व्हरांडा ओलांडला आणि शेजारच्या चिमाबाईच्या पेटत्या चुलीवर रिकामी केली. राखेचा चिखल उडून तव्यावरच्या भाकरीवर, परातीतल्या पिठावर आणि म्हातारीच्या लुगड्यावर बसला.

"आरं मुडद्या! भाकर हाय तव्यावर!"

"किती डाव सांगितलं मावशी? डॉक्टरनं धूर बंद सांगितलाय. पार बंद. माझी बायको आत मरायला लागलीय आन तुमी हितं लाकडं घालताय."

"मग कामगारांचं डबं कशावर करू? तुझ्या डोस्क्यावर?"

चाळीतल्या दहाही खोल्यांची दारं उघडली, पण मध्ये कुणी पडलं नाही. कोंडीराम भांडत होता तेव्हा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बिडी होती आणि एवढ्या संतापातही त्यानं ती पडू दिली नव्हती. ते कुणाला खटकलं नाही. चौऱ्याहत्तर सालच्या पिंपरीत कामगाराच्या तोंडात बिडी असणं हे तोंडावर नाक असण्याइतकंच साधं होतं.

आत त्याची बायको कस्तुरा लोखंडी खाटेवर तीन उशांना टेकून बसली होती. दम्यामुळे तिला महिनाभर आडवं होता आलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं आणि पदर तोंडावर घेतला.

कोंडीराम माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "घरात धूर अजिबात नको. पुन्हा असा अटॅक आला तर माझ्या हातात काही नाही." त्यानं ते काळजावर कोरून घेतलं. त्याच दिवशी घरातली चूल स्वतःच्या हातानं फोडली, वातीचा स्टो आणला आणि रॉकेलच्या रांगेत स्वतः उभा राहिला. बुद्धाच्या मूर्तीपुढची उदबत्ती बंद केली. डासांसाठी कडुलिंबाचा पाला जाळणाऱ्यांशी भांडला, कचरा पेटवणाऱ्यांशी भांडला. धूर म्हणून जो जो त्याला ठाऊक होता, तो सगळा त्यानं बंद केला. बिडी त्यात धरायची असते हे मात्र त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. त्याच्या लेखी बिडी म्हणजे शिफ्टचा शीण घालवायची वस्तू, चहासारखी.

तो आत आला. वारं लागू नये म्हणून त्यानं दार लावलं, खिडकी लावली आणि तिच्या उशाशी बसला. विझलेली बिडी त्यानं पुन्हा पेटवली आणि मोकळ्या हातानं ओव्याचं कोमट तेल तिच्या पाठीला चोळू लागला.

"आता पडंल फरक," तो म्हणाला.

कस्तुरानं तोंड भिंतीकडे केलं. छातीत शिट्टी वाजत होती.

तिला दिवाळीपासूनच कळलं होतं. तो दुसऱ्या शिफ्टला, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत कामावर असला, की त्या आठवड्यात ती झाडलोट करायची, चिमाबाईशी न थांबता बोलायची. तो पहिल्या शिफ्टला असला, चार वाजता येऊन उशाशी बसला, की दिवेलागणीपर्यंत तिचे ओठ काळेनिळे. हे समजायला डॉक्टर लागत नाही.

दिवाळीतच एकदा, जेवून त्यानं बिडी पेटवली तेव्हा, तिनं सांगूनही बघितलं होतं. "अवो, ती जरा भायेर वढता का?" कोंडीराम रागावला नाही. "बरं," म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. त्याचं बाहेर म्हणजे संत तुकाराम नगरच्या वळणावरची टपरी. तिथं खात्यातली माणसं, पत्ते, युनियनच्या गप्पा. एका बिडीतून दुसरी निघाली आणि दोन तास गेले. त्या दोन तासांत कस्तुराचा श्वास अडकला. गोळ्यांची बाटली फळीवर होती. तिथवर जाता जाता ती मोरीपाशी कोसळली. भांडं पडल्याचा आवाज ऐकून चिमाबाई धावली, तिला आपल्या छातीशी टेकवून बसवलं, गोळी भरवली, दम परत येईपर्यंत पाठीवरचा हात काढला नाही. कोंडीराम आला तो दारातच रडायला लागला. वीस वर्षांत कस्तुरानं त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या वीस वर्षांत तो कामावरून आल्यावर घरात कधी बसलाही नव्हता. जेवायचं आणि टपरी गाठायची. त्या दिवसापासून मात्र तो बसू लागला. आणि दोष कुणाचा, तर व्हरांड्यातल्या चुलीचा, हेही त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

कस्तुरानं पुन्हा विषय काढला नाही. बिडी बाहेर गेली की तिच्यामागं माणूसही बाहेर जातो, हे तिनं जिवावर बेतून शिकून घेतलं होतं. मोरीपाशी पडल्यावर तिला श्वासापेक्षा एकटेपणाचीच भीती जास्त वाटली होती.

दार धाडकन उघडलं. चिमाबाई चिखलानं माखलेली भाकरी हातात घेऊन उभी होती.

"कोंडीराम, माझी चूल भायेर चार हातांवर हाय. तुझी बिडी हिच्या नाकाम्होरं हाय. त्यो धूर न्हाई व्हय? तुझ्या तोंडात काय चंदन जळतंय?"

कोंडीराम हसायला गेला आणि मध्येच थांबला. त्यानं बोटांतल्या बिडीकडे पाहिलं. धूर कस्तुराच्या कपाळावरून भिंतीकडे चालला होता. रोजच जात असेल, पण त्यानं तो आज पाहिला. त्याचा चेहरा उतरला. त्यानं बिडी फरशीवर घासून विझवली.

"कस्तुरा, खरं हाय का ह्ये? हिच्यानं होतंय तुला?"

तिनं दाराकडे पाहिलं. चिमाबाईच्या हातांना राख लागलेली होती. याच हातांनी तिला धरून ठेवलं होतं. म्हातारीनं मानेनं खुणावलं. बोल की.

"खरं आसंल तर सांग. पुन्यांदा ह्या खोलीत काडी वढणार न्हाई. भायेर जाऊन वढीन."

बोलता बोलता त्याचा एक पाय चपलेत गेलासुद्धा. खुंटीवरच्या सदऱ्याकडे त्याचा हात निघाला. बिडीच सोडावी, हे त्याला सुचलं नाही आणि सुचणारही नव्हतं.

कस्तुरा त्या चपलेकडे बघत राहिली.

"न्हाई," ती म्हणाली. मध्ये दोनदा दम घेतला. "बिडीनं न्हाई. चुलीनंच."

चिमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. कोंडीरामकडे तिनं पाहिलंही नाही.

"बरं बाई," ती म्हणाली आणि गेली. जाताना दार उघडंच ठेवून गेली.

कोंडीरामनं चप्पल काढली. त्याला एवढं हायसं वाटलं की घाम पुसावा लागला. "मी म्हनलं नव्हतं?" म्हणत त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चिमाबाईनं चाळीमागं गटाराच्या कडेला तीन दगड मांडले. गटारापाशी शिजलेलं अन्न नको म्हणून डबा घेणारी दोन गिऱ्हाइकं तुटली. उरलेल्यांसाठी ती सकाळ-संध्याकाळ मागेच बसू लागली. कस्तुराच्या खोलीत ती पुन्हा आली नाही.

शनिवारी चार वाजता कोंडीराम कामावरून आला. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला आणि खूश होऊन दारात उभा राहिला.

"बघ बरं, हाय का कुठं धूर?"

कस्तुरानं पाहिलं. व्हरांडा स्वच्छ होता. सोमवारपासून त्याची दुसरी शिफ्ट होती. दुपारी तीनला तो गेल्यावर इथं भांडं पडलं तर ते चाळीमागं ऐकू जाणार नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली.

त्यानं दार लावलं, खिडकी लावली आणि खिशातून काडेपेटी काढली. तिनं भिंतीकडे सरकून त्याला खाटेवर जागा करून दिली.